सीडी अचूक रिप कशी करायची, आणि ती अचूक झाली हे ओळखायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: संग्रहातल्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, म्हणजे 'रिप' करायच्या आहेत. काही डिस्क नेहमीच्या प्लेअर सॉफ्टवेअरने कॉपी केल्या, तर एखाद्या गाण्यात मधेच 'टक्' असा आवाज येतो. तीच सीडी म्युझिक सिस्टीमवर लावली की नीट वाजते. मग एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, बसवलं. त्यातल्या पर्यायांच्या गर्दीत काही सुचेना आणि एकेका डिस्कला पाऊण तास लागू लागला. सेटिंग कोणती ठेवायची, आणि कॉपी खरोखर बिनचूक झाली हे कळणार कसं?

सुरुवात शेवटच्या भागापासून करायला हवी, कारण बाकीची उत्तरं त्यातच दडलेली आहेत. ईएसीचा 'सिक्युअर मोड', म्हणजे तोच भाग पुन्हा वाचून ताडण्याची पद्धत, लावला म्हणून कॉपी अचूक ठरत नाही. तुमच्या फाइलचा चेकसम, म्हणजे आतल्या डेटावरून हिशोबाने काढलेला ओळखीचा आकडा, दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या ड्राइव्हवर, त्याच अल्बमच्या दुसऱ्या डिस्कवरून काढलेल्या फाइलच्या चेकसमशी जुळला, तर ती अचूक. हा आकडा जुळला असेल तर कॉपी चार मिनिटांत झाली की चाळीस मिनिटांत, याला काही अर्थ उरत नाही. पाऊण तास खर्च करायचा तो न जुळणाऱ्या दोन-चार डिस्कवर, सगळ्या संग्रहावर नव्हे.

आता 'टक्'चं कारण. फाइल्सची सीडी आणि गाण्यांची सीडी दिसायला सारखी असली तरी आत फरक आहे. गाण्यांच्या सीडीचा मूळ आराखडा फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवला. प्रत्येक सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाची मोजमापं), प्रत्येक सॅम्पल १६ बिटचं, डावा-उजवा असे दोन चॅनेल. एका सेकंदाचे ७५ सेक्टर होतात आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २,३५२ बाइट, म्हणजे ५८८ स्टिरिओ सॅम्पल, सगळे आवाजासाठीच वापरलेले असतात. फाइल्सच्या सीडीत त्याच २,३५२ पैकी फक्त २,०४८ बाइट तुमच्या कामाचे असतात. उरलेल्या जागेत सेक्टरचा पत्ता आणि चूक पकडून दुरुस्त करायचा आणखी एक थर असतो. गाण्यांच्या सेक्टरमध्ये हे दोन्ही नाही.

चूक दुरुस्तीचे पहिले दोन थर गाण्यांच्या सीडीतही असतात. त्यांना सी१ आणि सी२ म्हणतात. ते चांगलेच दणकट आहेत: डेटा डिस्कवर विखरून लिहिलेला असल्यामुळे सलग सुमारे ४,००० बिट गेले, म्हणजे डेटाच्या गोल फिरत जाणाऱ्या रेघेवर साधारण अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही, तरी मूळ सॅम्पल जसेच्या तसे परत मिळतात. नुकसान त्याच्या पलीकडे गेलं की फाइल्सची सीडी सरळ 'वाचता येत नाही' असं सांगते. गाण्यांची सीडी तसं सांगत नाही. प्लेअर आजूबाजूच्या सॅम्पलवरून मधला आकडा अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. कानाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. म्युझिक सिस्टीमवर 'नीट' वाजणाऱ्या सीडीतही असे ठिगळ असू शकतात. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह तीच डिस्क तीस-चाळीस पट वेगाने फिरवतो, त्या वेगात त्याच्या हातून जास्त सॅम्पल निसटतात, आणि ते झाकायची कला काही ड्राइव्हना अजिबात नसते. मग 'टक्' ऐकू येतो. खरं तर ऐकू येणारी चूक बरी, निदान ती कळते. न ऐकू येणारी चूक फाइलमध्ये कायमची बसते.

ईएसी, सीडीपॅरानॉया वगैरे साधनं ही अडचण एकाच युक्तीने सोडवू पाहतात: तोच भाग पुन्हा वाचायचा आणि दोन्ही वेळचे आकडे ताडून बघायचे. ईएसीच्या सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचला जातो. फरक आढळला तर १६ वाचनांचा एक फेरा सुरू होतो आणि त्यातली ८ सारखी आली की ती उत्तर म्हणून धरली जातात. 'एरर रिकव्हरी क्वालिटी' लो असेल तर असा एकच फेरा, मीडियमला तीन, हायला पाच. म्हणजे वाईटात वाईट सेक्टर ८२ वेळा वाचला जाऊ शकतो. खराब डिस्कवर प्रगतीची पट्टी एकाच जागी का अडकून बसते, ते यावरून लक्षात येईल.

या युक्तीला दोन भोकं आहेत. एक म्हणजे कॅशे. बहुतेक ड्राइव्ह नुकताच वाचलेला भाग स्वतःच्या मेमरीत ठेवतात. दुसऱ्यांदा मागितला की डिस्ककडे न जाता तीच प्रत पुन्हा हातात देतात, आणि साहजिकच दोन्ही वाचनं जुळतात. दुसरं म्हणजे ठाम चूक: एकाच जागी तोच ओरखडा, तोच ड्राइव्ह, तोच अंदाज. दहा वेळा वाचलं तरी दहाही वेळा तेच चुकीचं सॅम्पल. ईएसीमध्ये 'टेस्ट अँड कॉपी' (एकदा चाचणीचं वाचन, एकदा प्रत) केल्यावर दोन्ही सीआरसी (चेकसमचाच एक प्रकार) सारखे आले म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दोन्ही साक्षी एकाच साक्षीदाराच्या आहेत.

म्हणून बाहेरचा साक्षीदार लागतो, आणि तसे दोन आहेत. ॲक्युरेटरिप ही डीबीपॉवरॅम्प या रिपिंग सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी उभी केलेली सेवा. जगभरच्या लोकांच्या रिपमधून प्रत्येक ट्रॅकचे चेकसम तिथे जमा होतात. तुमचा ट्रॅक जुळला की 'ॲक्युरेटली रिप्ड, कॉन्फिडन्स २७' असं काहीसं दिसतं. अर्थ एवढाच की आणखी २७ नोंदींत हाच आकडा आला होता. कॉन्फिडन्स २ किंवा ३ असला तरी पुरतो, कारण वेगवेगळ्या ड्राइव्हवर वेगवेगळ्या डिस्कच्या चुका योगायोगाने तंतोतंत सारख्या येत नाहीत. फक्त १ असेल आणि तीच डिस्क तुम्ही पूर्वी कधी रिप केली असेल, तर ती नोंद तुमचीच असू शकते. तेवढं जपा. कॉन्फिडन्स २०० म्हणजे कॉन्फिडन्स ५ पेक्षा 'जास्त अचूक' असं मुळीच नाही, तो अल्बम जास्त खपला इतकंच.

दुसरा साक्षीदार म्हणजे क्यूटूल्स या रिप तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस, सीटीडीबी. तो ट्रॅकऐवजी सबंध डिस्क एकत्र तपासतो आणि बऱ्याच डिस्कसाठी दुरुस्तीचा डेटाही बाळगतो. त्याचा उपयोग पुढे येईलच.

ऑफसेटचा घोळ

जुळणी व्हायची तर ड्राइव्हचा रीड ऑफसेट बरोबर भरलेला हवा. ट्रॅक सुरू होण्याची जागा सांगितली की प्रत्येक मॉडेल थोडं आधी किंवा थोडं नंतर वाचायला लागतं, आणि दर वेळी तेवढ्याच फरकाने. कुठल्या ड्राइव्हला +६ सॅम्पल, कुठल्याला +१०२, कुठल्याला +६६७. ६६७ सॅम्पल म्हणजे सेकंदाचा साधारण सहासष्टावा भाग, कानाला शून्य फरक. चेकसम मात्र पूर्ण बदलतो. हा आकडा हाताने शोधत बसू नका. ॲक्युरेटरिपला माहीत असलेली, बऱ्यापैकी खपलेल्या अल्बमची एखादी डिस्क ड्राइव्हमध्ये घाला, ईएसी किंवा डीबीपॉवरॅम्प स्वतः ताडून ऑफसेट ठरवतं. एकदा ठरला की त्या मॉडेलसाठी तो कायम. दुसरा ड्राइव्ह जोडलात की त्याचा वेगळा.

ऑफसेट धन असेल तर शेवटच्या ट्रॅकचे शेवटचे काही सॅम्पल लीड-आउटमध्ये, म्हणजे गाणी संपल्यानंतरच्या पट्ट्यात, शिरून वाचावे लागतात. बरेच ड्राइव्ह तिथे नकार देतात. ते थोडेसे सॅम्पल मग शून्याने भरले जातात, आणि तिथे जवळजवळ नेहमी शांतताच असल्यामुळे बिघडत काही नाही. ॲक्युरेटरिपनेही ही अडचण ओळखून पहिल्या ट्रॅकच्या सुरुवातीचे आणि शेवटच्या ट्रॅकच्या अखेरचे सुमारे पाच सेक्टर हिशोबातून वगळले आहेत.

जाता जाता: ज्या आधारावर हे सगळे ऑफसेट मोजले गेले, तो आधारच ३० सॅम्पलने सरकलेला आहे असं नंतर लक्षात आलं. त्यावर हिरिरीने वाद घालणारे लोक आहेत. जुळणीपुरता मुद्दा इतकाच की सगळे एकच आधार वापरतात, त्यामुळे तो बदलू नका.

कुठलं सॉफ्टवेअर

विंडोजवर फुकट हवं असेल तर ईएसी किंवा क्यूरिपर. ईएसी आंद्रे वीथॉफ यांनी १९९८ पासून घडवलं, दिसायला जुनाट आहे, पण लॉग सगळ्यांत तपशीलवार मिळतो. क्यूरिपर हे क्यूटूल्ससोबत येतं, सेटिंग फारसं नाही, दोन्ही डेटाबेसशी आपोआप ताडतं. नव्याने सुरू करणाऱ्याला हेच सुचवावं असं माझं मत आहे. पैसे मोजायची तयारी असेल आणि डिस्क शेकड्याने असतील तर डीबीपॉवरॅम्प. ते आधी एकदा भराभर वाचतं, आकडा जुळला तर तिथेच थांबतं, न जुळलेल्या ट्रॅकसाठीच पुन्हा पुन्हा वाचण्याच्या मागे लागतं. हेच शहाणपण. मॅकवर एक्सएलडी. लिनक्सवर व्हिपर: तो सीडीपॅरानॉयाच्या इंजिनावर चालतो आणि ॲक्युरेटरिपशी ताडतो. नुसतं सीडीपॅरानॉया मूळ रूपात वापरलं तर आधुनिक ड्राइव्हच्या कॅशेला ते फसू शकतं, म्हणून वर जुळणी करणारं काहीतरी हवंच.

नेहमीच्या प्लेअरमधलं 'एरर करेक्शन वापरा' हे बटण दाबू नये असं नाही, पण त्यातून ना लॉग मिळतो, ना जुळणी.

ईएसीची सेटिंग

प्रश्न ईएसीचा आहे म्हणून त्याबद्दल सविस्तर. एफ-९ दाबलं की ईएसी ऑप्शन्स, एफ-१० दाबलं की ड्राइव्ह ऑप्शन्स.

ड्राइव्ह ऑप्शन्समध्ये पहिल्या टॅबवर सिक्युअर मोड निवडा. खाली तीन खुणा असतात. 'ॲक्युरेट स्ट्रीम'वर खूण ठेवा. गेल्या बऱ्याच वर्षांतल्या सगळ्या ड्राइव्हना हे जमतं. 'ड्राइव्ह कॅशेस ऑडिओ डेटा'वरही खूण ठेवा. इथे लोक गोंधळतात. ही खूण म्हणजे कॅशे वापरण्याची परवानगी नव्हे. 'या ड्राइव्हला कॅशे आहे, दर वेळी ती झटकून पुन्हा डिस्कवरूनच वाच' असा तो आदेश आहे. वेग निम्म्याच्या आसपास येतो तो यामुळेच. तिसरी 'सी२ एरर इन्फर्मेशन'ची खूण काढून टाका. सी२ चालू असेल तर ईएसी एकदाच वाचतं आणि 'इथे चूक झाली' असं ड्राइव्हने कबूल केलं तरच पुन्हा वाचतं. सगळे ड्राइव्ह ते प्रामाणिकपणे कबूल करत नाहीत. त्या ड्राइव्हची खातरी असेल तर लावा, एरवी नको.

ऑफसेट टॅबवर आकडा आला आहे का ते पाहा. लीड-इन आणि लीड-आउटमध्ये 'ओव्हररीड' करण्याची खूण ड्राइव्हला ते जमत असेल तरच. जमत नसताना लावली तर शेवटच्या ट्रॅकवर हमखास एरर येतो आणि डिस्क खराब आहे असं उगाच वाटतं.

ईएसी ऑप्शन्समध्ये, एक्स्ट्रॅक्शन टॅबवर, ऑफसेटमुळे सुटलेले सॅम्पल शांततेने भरण्याची खूण हवी आणि एरर रिकव्हरी हायवर. सुरुवातीचे-शेवटचे शांत तुकडे कापून टाकण्याची खूण नको, ट्रॅकची लांबी बदलते आणि जुळणी संपली. सीआरसी काढताना शून्य सॅम्पल वगळण्याचा पर्यायही बंद. 'नॉर्मलाइझ' चुकूनही नको. आवाजाची पातळी सारखी हवी असेल तर त्यासाठी रीप्लेगेन टॅग आहे, तो नुसता एक आकडा फाइलच्या टॅगमध्ये लिहितो आणि सॅम्पलला हात लावत नाही.

डिस्क घातल्यावर एफ-४ दाबून गॅप शोधा, मग शिफ्ट-एफ-६ ने टेस्ट अँड कॉपी. पण सुरुवातीला म्हटलं ते इथे लागू करायचं तर: चकचकीत, ओरखडा नसलेली, खपाच्या अल्बमची डिस्क असेल तर बर्स्ट मोडमध्ये (पुन्हा न वाचता, भराभर) एकदा रिप करा आणि ॲक्युरेटरिपचा निकाल बघा. सगळे ट्रॅक जुळले? डिस्क काढा, पुढची घाला. एखादा अडला तर फक्त तोच सिक्युअर मोडमध्ये. संग्रह मोठा असेल तर यातून कित्येक दिवस वाचतात. डेटाबेसमध्ये नसलेली डिस्क मात्र पहिल्यापासून सिक्युअर, टेस्ट अँड कॉपीसह, आणि जमल्यास दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर आणखी एकदा. दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आपापले ऑफसेट भरून, एकच सीआरसी आला तर तो जवळजवळ डेटाबेसच्या साक्षीइतकाच पक्का.

लॉग वाचायचा कसा

समजा बारा ट्रॅकची डिस्क आहे. एक ते दहा 'ॲक्युरेटली रिप्ड, कॉन्फिडन्स ४१' आणि पुढे 'कॉपी ओके'. अकराव्याला ट्रॅक क्वालिटी ९९.८ टक्के, टेस्ट आणि कॉपी सीआरसी सारखे, कॉन्फिडन्स ४०. बाराव्याला 'सस्पिशस पोझिशन ०:०३:१२', दोन्ही सीआरसी वेगळे, 'कॅनॉट बी व्हेरिफाइड ॲज ॲक्युरेट'.

अकरावा ठीक आहे. ट्रॅक क्वालिटी म्हणजे आवाजाचा दर्जा नव्हे. कमीत कमी जितकी वाचनं लागली असती आणि प्रत्यक्षात जितकी लागली, त्यांचं ते गुणोत्तर आहे. ९९.८ म्हणजे काही जागी पुन्हा वाचावं लागलं आणि अखेर जमलं. आकडा जुळलाय, विषय संपला. बारावा बिघडलेला आहे. ३ मिनिटं १२ सेकंदांपाशी ८२ वाचनांनंतरही बहुमत झालं नाही. शेवटचे ट्रॅकच वारंवार का अडतात, तर सीडी आतून बाहेर वाचली जाते. शेवटचं गाणं बाहेरच्या कडेला असतं आणि तिथेच बोटं लागतात. शिवाय ड्राइव्हचा वाचण्याचा वेगही बाहेर सर्वाधिक असतो.

एकही ट्रॅक जुळला नाही, पण सगळीकडे टेस्ट आणि कॉपी सीआरसी सारखे, क्वालिटी १०० टक्के, असं दिसलं तर डिस्कवर संशय घेऊ नका. बहुधा ऑफसेट चुकलाय किंवा तुमच्याकडची आवृत्ती वेगळ्या साच्यातून आलेली आहे. एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या वेळी छापलेल्या प्रतींमध्ये आवाज तोच पण काही सॅम्पलने पुढे-मागे असा प्रकार नेहमीचा आहे. क्यूटूल्स असे सरकलेले आकडेही ताडून बघतं, त्याला विचारा. घरी बर्न केलेल्या डिस्कच्या बाबतीतही हेच, बर्न करताना रायटरचा स्वतःचा ऑफसेट त्यात मिसळलेला असतो.

अडलेली डिस्क

आधी पुसा. मऊ, कोरडं मायक्रोफायबर कापड, मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. कारण वर आलेलंच आहे: रेघेला आडवा जाणारा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडेसेच बिट खातो आणि सी१-सी२ ते भरून काढतात. रेघेच्या दिशेने गेलेला बारीक ओरखडा सलग लांब तुकडा खातो, आणि तो भरून निघत नाही. चिकट डाग असेल तर साधं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर, ॲसिटोन नको, पॉलिकार्बोनेट धुरकट होतं. टूथपेस्टने घासायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने खोल ओरखड्याच्या कडा थोड्या मऊ होतात हे खरं, पण सोबत शंभर नवे बारीक ओरखडे येतात. बाकी सगळं करून झाल्यावरच तिकडे वळा.

डिस्कची खरी नाजूक बाजू लेबलाची आहे. खालच्या बाजूने लेसरला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक पार करून जावं लागतं, त्यामुळे पृष्ठभागावरचे ओरखडे त्याला अंधुक दिसतात. लेबलाखाली मात्र लाखेचा पातळसा थर आणि लगेच परावर्तक धातू. तिथे खरवडलं गेलं की डेटाच गेला, कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. डिस्क दिव्यासमोर धरून बघा; टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर ते हेच.

पुसून झालं की वेग कमी करा: ४ किंवा ८ एक्स. नेहमी फायदा होतोच असं नाही. काही ड्राइव्ह मध्यम वेगातच जास्त स्थिर असतात, म्हणून दोन-तीन वेग आजमावा. त्यानंतरही अडत असेल तर ड्राइव्ह बदला, आणि हाच उपाय सर्वांत जास्त वेळा लागू पडतो. लॅपटॉपला लावायच्या पातळ यूएसबी ड्राइव्हपेक्षा डेस्कटॉपमधला सव्वापाच इंची साटा ड्राइव्ह सहसा सरस ठरतो. लेसर, फोकस करणारी यंत्रणा आणि त्यामागचं फर्मवेअर प्रत्येक मॉडेलचं निराळं असतं, त्यामुळे एकाला न सुटलेली जागा दुसरा सहज वाचून जातो. मोठा ड्राइव्ह यूएसबीवर जोडायचा असेल तर १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा देणारा ॲडॅप्टर घ्या. नुसत्या ५ व्होल्टवर त्याची मोटर चालत नाही.

शेवटी सीटीडीबी. अख्खी डिस्क रिप करा, त्यातला एखादा ट्रॅक खराब असला तरी चालेल, आणि ते फोल्डर क्यूटूल्समध्ये 'व्हेरिफाय'ला टाका. 'डिफर्स इन ४३ सॅम्पल्स' असं उत्तर आलं आणि दुरुस्तीचा डेटा उपलब्ध असेल तर 'रिपेअर' निवडा. दुरुस्ती रीड-सॉलोमन पद्धतीने होते, म्हणजे अंदाज नाही, हिशोब करून मूळ सॅम्पल परत मिळवले जातात. अट एकच: सगळे ट्रॅक हवेत, क्रमाने, एकाच डिस्कचे. एकटंच गाणं दिलं तर काही होणार नाही. चुका काही हजार सॅम्पलपर्यंत विखुरलेल्या असतील तर बहुतेक वेळा काम होतं. सबंध मिनिट गेलं असेल तर नाही.

फाइल कुठली ठेवायची

फ्लॅक, म्हणजे आवाज जसाच्या तसा ठेवून फाइल आवळणारा फॉरमॅट. यात फारसा वाद राहिलेला नाही. ७४ मिनिटांची डिस्क कच्च्या रूपात सुमारे ७८० मेगाबाइट होते, फ्लॅकमध्ये संगीताच्या प्रकारानुसार साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश, आणि एकही सॅम्पल न बदलता. शून्य ते आठ या पातळ्यांचा आवाजाशी संबंध नाही, फाइल किती आवळायची एवढंच त्या ठरवतात. पाच आणि आठ यांत आकाराचा फरक किरकोळ असतो. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ चेकसम लिहिलेला असतो, त्यामुळे पाच वर्षांनी हार्ड डिस्कने दगा दिला का हे नुसत्या फाइलवरून तपासता येतं. मोबाइलसाठी एमपी३ हवी असेल तर ती फ्लॅकवरून करा, पुन्हा डिस्क काढू नका.

टॅगच्या बाबतीत: फ्लॅकमधले टॅग युनिकोडचे असतात, देवनागरीत नावं बिनधास्त लिहा. अल्बम-गाण्यांची नावं पुरवणारा जुना फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झाला, म्हणून एखाद्या जुन्या मार्गदर्शनात त्याचा पत्ता भरायला सांगितलं असेल तर सोडून द्या. म्युझिकब्रेन्झ वापरा, ते डिस्कवरच्या ट्रॅकच्या जागांवरून अल्बम ओळखतं. नावं तरीही एकदा नजरेखालून घाला, भरणारी माणसंच असतात. लॉग आणि क्यू शीट (ट्रॅक कुठे सुरू होतात त्याची यादी) त्याच फोल्डरमध्ये ठेवा. टॅग पुढे कितीही बदलले तरी आवाजाचा चेकसम बदलत नाही.

दोन गोष्टी अजून, क्वचित लागणाऱ्या पण लागल्या की डोकं खाणाऱ्या. काही डिस्कवर पहिल्या ट्रॅकच्या आधीच्या गॅपमध्ये अख्खं गाणं दडवलेलं असतं. प्लेअरवर पहिलं गाणं सुरू करून मागे ढकलत नेलं की ते सापडतं, साध्या रिपमध्ये मात्र येत नाही. गॅप शोधताना पहिल्या ट्रॅकपुढे दोन सेकंदांऐवजी तीन-चार मिनिटं दिसली तर तो तुकडा वेगळा काढा. एक्सएलडीत तो स्वतंत्र ट्रॅक म्हणून निवडता येतो, ईएसीत 'कॉपी रेंज'ने. दुसरी गोष्ट प्री-एम्फसिस. १९८० च्या दशकातल्या काही डिस्कवर वरच्या पट्टीतले स्वर मुद्दाम उचलून, टोकाला सुमारे १० डेसिबलपर्यंत, नोंदवलेले आहेत. सीडी प्लेअर ती खूण ओळखून ते परत खाली आणतो. रिप केलेली फाइल ते करत नाही, म्हणून आवाज किरकिरा, कर्कश वाटतो. ईएसीच्या ट्रॅक यादीत प्री-एम्फसिसचा रकाना असतो. काही डिस्कवर ही खूण सुरुवातीच्या यादीत नसून फक्त ट्रॅकच्या सबकोडमध्ये (आवाजासोबत नोंदवलेल्या जादा माहितीत) असते, त्यामुळे रकाना 'नाही' म्हणत असला आणि जुनी डिस्क फारच तिखट वाजत असली तर संशय घ्या. दुरुस्ती सॉक्स या आवाज-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमधल्या डीएम्फ इफेक्टने होते. ती नेहमी वेगळ्या प्रतीवर करा, मूळ रिप तशीच राहू द्या, नाहीतर ती पुन्हा कशाशीच जुळणार नाही.

आणि ज्या डिस्क आधीच साध्या प्लेअरने कॉपी केल्या आहेत, त्या फ्लॅक, वेव्ह किंवा एएलएसी (ॲपलचा फ्लॅकसारखा फॉरमॅट) यांत असतील तर लगेच पुन्हा रिप करायला बसू नका. अख्ख्या अल्बमचं फोल्डर क्यूटूल्समध्ये टाका. ट्रॅकच्या लांबीवरून ते डिस्क ओळखतं, सरकलेला ऑफसेटही पकडतं आणि कुठला ट्रॅक बरोबर, कुठला नाही, हे डिस्क हातात न घेता सांगतं. 'टक्' असलेला ट्रॅक तिथे वेगळा दिसेलच, आणि कदाचित तिथल्या तिथे दुरुस्तही होईल. एमपी३ मध्ये असतील तर मात्र इलाज नाही, डिस्क पुन्हा ड्राइव्हमध्ये घालावी लागेल.